ग्रीक नव्या करारात व्याकरणाचा शोध

नव्या कराराची ग्रीक संहिता सुमारे 1,38,000 शब्दांची आहे. त्यात एखादा शब्द कुठे कुठे आला हे शोधण्याची सोय जुनीच. मोल्टन आणि गेडन यांची ग्रीक शब्दानुक्रमणी 1897 मध्ये छापली गेली. व्याकरणाच्या अभ्यासकाचे मात्र तेवढ्याने भागत नाही. एकाच उपपदावर दोन नामांचे काम कुठे भागवले आहे, असे त्याचे प्रश्न असतात आणि वर्णक्रमाने लावलेली सूची त्यांची उत्तरे देत नाही. पूर्वी त्यासाठी सगळी संहिता वाचून टिपणे काढावी लागत. एखादे स्थळ नजरेतून सुटले, तर ते सुटलेच.

संगणकाला ग्रीक येत नाही. म्हणून आधी प्रत्येक शब्दाला त्याचे मूळ रूप आणि व्याकरणाची ओळख जोडून द्यावी लागते. ग्रामकॉर्ड प्रकल्पाने 1976 मध्ये हे काम हाती घेतले. फ्रायबर्ग दांपत्याची विश्लेषित संहिता 1981 मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि 1994 मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालेल्या अकॉर्डन्सने असा शोध घरच्या टेबलावर आणला. मोफत मिळणाऱ्या मॉर्फजीएनटी या संचात शब्दाची जात सांगून झाली की आठ घरे येतात: पुरुष, काळ, प्रयोग, अर्थ, विभक्ती, वचन, लिंग आणि तरतमभाव. जे लागू नाही तिथे नुसती आडवी रेघ.

या घरांवर शोध कसा चालतो, हे ग्रॅनव्हिल शार्पच्या नियमावरून चांगले कळते. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यासाठी अधिक ओळखल्या जाणाऱ्या या इंग्रज विद्वानाने तो 1798 मध्ये मांडला. ‘आणि’ या अर्थाच्या ‘काय’ या अव्ययाने जोडलेली, एकाच विभक्तीतली दोन व्यक्तिवाचक नामे असतील आणि उपपद फक्त पहिल्याला असेल, तर दोन्ही नामे एकाच व्यक्तीची, असे त्याचे म्हणणे. तीताला लिहिलेल्या पत्रात (2:13) ‘देव’ आणि ‘तारणारा’ ही नामे अशीच आली आहेत. येशूला तिथे थेट देव म्हटले आहे की नाही, हा वाद त्यामुळे एका उपपदावर येऊन ठेपला.

शोधासाठी हा नियम असा लिहावा लागतो: उपपद, लगेच नाम, मग ‘काय’, मग उपपद नसलेले नाम, आणि दोन्ही नामांची विभक्ती सारखी. एवढ्यावर शोध चालवला तर तीताचे ते वचन सापडतच नाही, कारण तिथे उपपद आणि नाम यांच्यामध्ये ‘महान’ हे विशेषण आहे. मध्ये एक-दोन शब्दांची मोकळीक दिली की वचन येते, पण बरोबर नको ते पुष्कळ येते. मोकळीक नसली तरी नको ते येतेच: मत्तय 16:1 मध्ये परूशी आणि सदूकी एकाच उपपदाखाली आहेत, आणि हे दोन पंथ काही एक नव्हते. मत्तय 17:1 मध्ये पेत्राला उपपद आहे, पाठोपाठचे याकोब आणि योहान उपपदाविना आहेत, माणसे तीनच. अनेकवचन आणि विशेषनामे यांना शार्पचा नियम लागू नाही, तो यासाठीच. अनेकवचन गाळणे सोपे, त्याला स्वतंत्र घर आहे. विशेषनामे मात्र मॉर्फजीएनटीत इतर नामांतच मिसळलेली असल्याने हाताने वेचावी लागतात.

याहून खोल अडचण संदिग्ध रूपांची. योहान 14:1 मधले ‘पिस्तेउएते’ हे क्रियापद ‘तुम्ही विश्वास ठेवता’ असे वाचता येते आणि ‘विश्वास ठेवा’ असेही. त्या एका वचनात ते दोनदा आले आहे, आणि भाष्यकारांचे त्यावर एकमत नाही. घरात मात्र एकच खूण मावते. संपादकाने आज्ञार्थ नोंदवला असेल तर स्वार्थाच्या शोधात ते वचन येणार नाही, आणि ते राहून गेले हे पडद्यावर कुठे दिसणारही नाही. प्रत्येक शोध असा कुणीतरी आधी करून ठेवलेल्या वाचनातूनच जातो. वापरणाऱ्यांना याचा विसर फार लवकर पडतो.

शिवाय ग्रीकमध्ये शब्दांचा क्रम बराच मोकळा असतो, त्यामुळे शेजारावरून नाते कळतेच असे नाही. संस्कृत शिकलेल्यांना सति सप्तमी आठवत असेल. ग्रीकमध्ये ते काम षष्ठी करते. ‘तो बोलत असताना माणसे आली’ यातला पहिला भाग सांगताना कर्ता आणि धातुसाधित दोन्ही षष्ठीत ठेवतात. पण षष्ठीतले धातुसाधित एखाद्या नामाचे साधे विशेषण म्हणूनही येते. हे दोन प्रकार वेगळे काढायला कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे याची नोंद लागते, आणि ती ट्रीबँकमध्ये असते. ऑस्लो विद्यापीठाच्या प्रोइएल प्रकल्पाने ग्रीक संहितेबरोबर लॅटिन, गॉथिक, आर्मेनियन आणि जुन्या चर्च स्लाव्होनिक भाषांतरांचीही अशी नोंद केली आहे. ही षष्ठी गॉथिक अनुवादकाने कशी पेलली, हेही त्यामुळे पाहता येते.

प्रश्न कोणत्या टोकाने विचारला, यावरही उत्तर ठरते. अर्नेस्ट कोलवेल यांनी 1933 मध्ये निश्चित अर्थाची विधेय-नामे गोळा केली आणि दाखवले की ती क्रियापदाआधी आली तर त्यांना बहुधा उपपद नसते. पुढे अनेकांनी हे उलटे वापरले: क्रियापदाआधी उपपदाविना आलेले नाम निश्चितच असणार. ‘शब्द देव होता’ यातला ‘देव’ निश्चित की नाही, या योहान 1:1 च्या वादात हा उलटा नियम बराच चालला. तो तपासायचा तर क्रियापदाआधीची, उपपद नसलेली सगळी विधेय-नामे काढावी लागतात. फिलिप हार्नर यांनी 1973 मध्ये मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत तशी नामे तपासली आणि त्यांतली बहुतेक गुण सांगणारी असल्याचे मत मांडले. आज ट्रीबँकमधून ती यादी क्षणात निघते. नाम निश्चित की गुणवाचक हे रूपावरून कळत नसल्याने यादीतले प्रत्येक वाक्य मात्र संदर्भासह वाचावेच लागते.