विश्लेषण : सूट विमानात चुरगळतो, की विमानतळावर पोहोचण्याआधीच?

दिल्ली-बंगळूरुची मुलाखत, परदेशात मुलाचा पदवीदान सोहळा किंवा परगावातले जवळच्या नात्यातले लग्न. अशा प्रसंगी घरात असलेला एकुलता एक सूट बॅगेत जातो. मुक्कामी बॅग उघडल्यावर मात्र लॅपल दुमडलेले, पाठीवर आडवी रेघ आणि पँटची क्रीझ गायब, असा अनुभव अनेकांना येतो. दुसरा सूट सोबत नसतो, वेळही नसतो. दोष विमानाला किंवा बॅगेला दिला जातो. प्रत्यक्षात सुरकुतीची तयारी बॅग भरण्याच्या आदल्या रात्रीपासून सुरू झालेली असते. ती कशी, आणि ती टाळता कशी येते?

सुरकुती म्हणजे नेमके काय?

ओल्या केसांची वेणी घालून झोपले, की सकाळी केस सोडल्यावर त्यांत लाटा दिसतात. सुरकुतीमागचे शास्त्र हेच आहे. केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा मिळाला की हे बंध सैल होतात आणि धागा नवा आकार घेऊ शकतो. ओलावा गेला की बंध पुन्हा जुळतात, पण त्या वेळी धागा ज्या आकारात असेल त्याच आकारात. म्हणजे कापड दमट असताना दुमडले आणि दुमडलेल्या अवस्थेतच कोरडे झाले, तर सुरकुती पक्की बसते. त्यात उष्णता, दाब आणि वेळ यांची भर पडली, की ती आणखी घट्ट होते.

आता प्रवासाचा क्रम पाहू. मुंबई परिसरात पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. विमानाच्या केबिनमधील हवा मात्र लांबच्या प्रवासात २० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे अत्यंत कोरडी असते. दमट हवेत घडी घातलेला कोट केबिन बॅगेतून या कोरड्या हवेत जातो. वेणीतले केस वाळावेत तसा तो घडीतच वाळू लागतो.

सगळ्या कापडांवर परिणाम सारखाच होतो का?

नाही. लोकरीचा धागा मुळात स्प्रिंगसारखा वळसेदार असतो. दाब निघाला की तो पूर्ववत होऊ पाहतो. साधारण ६५ टक्के आर्द्रतेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, कापूस सुमारे ८ टक्के, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे लोकरीच्या सुरकुत्या ओलाव्याने पडतात आणि ओलाव्यानेच निघतातही. कापूस आणि लिननमध्ये स्प्रिंगसारखी ताकद नसते, म्हणून ते सर्वांत लवकर चुरगळतात आणि इस्त्रीशिवाय सरळ होत नाहीत. पॉलिस्टर ओलाव्याला दाद देत नाही, साधारणपणे चुरगळतही नाही. मात्र उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत दाबून ठेवल्यामुळे त्यावर घडी बसली, तर ती नुसत्या वाफेने सहज जात नाही.

ठाणे जिल्ह्याला या कापडाची ओळख जुनी आहे. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ मध्ये ठाण्यातच सुरू झाली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत सूटसाठी सर्वाधिक रुळले ते टेरिवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर यांचे मिश्रण. प्रवासासाठी ते सोयीचेच आहे. ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ अशी पाटी पाहून महाग कापड घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आकडा धाग्याच्या तलमपणाचा आहे. सुपर १०० साठी धाग्याची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन असते आणि प्रत्येक दहाच्या टप्प्याला ती अर्ध्या मायक्रॉनने कमी होते. तलम कापड अंगावर सुरेख बसते, पण तुलनेने लवकर चुरगळते. वारंवार प्रवास करणाऱ्याने जास्त पीळ दिलेल्या धाग्याचे, थोडे खरखरीत कापड निवडणे शहाणपणाचे.

कोपर ते विमानतळ या टप्प्यात काय घडते?

कोपर हे मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले स्थानक. खाली मुख्य मार्गिका आणि वरून दिवा-वसई मार्ग जातो. येथे जलद लोकल थांबत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर रेल्वेने जायचे तर धीम्या लोकलने दहावे स्थानक घाटकोपर, तेथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तेथे मेट्रो ३ मध्ये बदलून पुढचे स्थानक टर्मिनल २, असा मार्ग पडतो. म्हणजे दोनदा गाडी बदलणे, जिने चढणे-उतरणे आणि गर्दीत बॅग पायाशी धरून किंवा पोटाशी कवटाळून उभे राहणे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागल्याने शिळफाट्याकडून रस्त्याने जाण्याचा पर्यायही खुला झाला आहे. पण तेथे गाडीची डिकी, ऊन आणि वाहतूक कोंडी आहेच.

दाब, उष्णता आणि ओलावा हे तिन्ही घटक विमानात बसण्याआधीच्या या दीड-दोन तासांत सर्वाधिक असतात. बॅग उभी राहिली की आतले कपडे सरकून तळाशी जमतात, कोटाचा खांदा त्याखाली दबतो. पावसाळ्यात त्याच बॅगेत ओली छत्री किंवा रेनकोट कोंबला, तर ओलावाही मिळतो. म्हणून सूट बांधताना विमानाचा नव्हे, तर लोकलचा विचार करून बांधावा. लोकलमध्ये शक्य असेल तर बॅग वरच्या फळीवर आडवी ठेवावी. ओल्या वस्तूंसाठी वेगळी पिशवी असावी आणि बॅगेत मोकळी जागा राहू देऊ नये. रिकामा कोपरा राहिला तर त्यात मोजे, टी-शर्ट भरून घ्यावेत.

कोट अंगावर घालून जाणे बरे नाही का?

हा सल्ला थंड हवेच्या देशांतून आलेला आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात कोपरहून कोट घालून निघाले, तर घामाचा ओलावा, शरीराची उष्णता आणि आसनाला टेकलेल्या पाठीचा दाब हे तिन्ही घटक एकत्र येतात. पाठीवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला पडणाऱ्या सुरकुत्या याच. कोट हातावर घेऊन जाणे त्यापेक्षा बरे, पण गर्दीच्या वेळी नाही. घालायचाच असेल तर विमानतळावर, सुरक्षा तपासणीनंतर घालावा आणि विमानात बसताना काढावा. वरच्या कप्प्यात तो अस्तर बाहेर करून, सगळ्यांच्या बॅगा ठेवून झाल्यावर, सर्वांत वर ठेवावा. आधी ठेवला तर त्यावर दुसऱ्याची बॅग येणार, हे ठरलेलेच.

इस्त्री केव्हा करावी?

येथे बहुतेकांची चूक होते. पहाटेच्या विमानासाठी रात्री उशिरा इस्त्रीवाल्याकडून गरम सूट आणला जातो आणि लगेच घडी घालून बॅगेत ठेवला जातो. लोकरीबाबत संशोधकांना आढळलेली एक गोष्ट सामान्यांना फारशी ठाऊक नाही. वाफेची इस्त्री नुकतीच झालेली लोकर तात्पुरती जास्त चुरगळणारी बनते. ती काही दिवस मोकळी टांगून ठेवली, की तिची सुरकुतीला विरोध करण्याची ताकद परत वाढते. इस्त्रीमुळे कापडात उष्णता आणि वाफेचा ओलावाही उरतोच.

म्हणून इस्त्री किंवा ड्रायक्लीनिंग निदान दोन-तीन दिवस आधी उरकावे. सूट लाँड्रीच्या प्लास्टिकमधून बाहेर काढून रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा. पावसाळ्यात तो बाथरूमच्या किंवा ओल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत ठेवावा. बॅगेत तो जाईल तेव्हा कापड गार आणि कोरडे असले पाहिजे.

कोटाची घडी कशी घालावी?

कागद बोटाने दाबून दुमडला तर रेघ राहते, लाटण्याभोवती गुंडाळला तर राहत नाही. कापडाचेही तसेच. वळण जितके मोठे, तितका धाग्यावरचा ताण कमी. दुसरे तत्त्व सरकण्याचे. दोन थर एकमेकांवर सरकू शकले तर दाब पसरतो, अडकले तर चुणी पडते. या दोन तत्त्वांवर पुढील पद्धत बेतलेली आहे.

प्रथम खिसे पूर्ण रिकामे करावेत. पेन किंवा किल्लीचा ठसाही कापडावर उमटतो. बटणे उघडी ठेवून दोन्ही हात कोटाच्या आतून खांद्यांत घालावेत आणि कोट समोर धरावा. डावा खांदा उलटा करून त्याचे अस्तर बाहेर आणावे. उजवा खांदा सुलटाच ठेवून डाव्या खांद्याच्या पोकळीत बसवावा. आता कोट पाठीच्या मध्यावर उभा दुमडला जातो, कापडाला कापड लागते आणि बाहेर सगळीकडे गुळगुळीत अस्तर येते. बाह्या आत सरळ कराव्यात, लॅपल एकावर एक जुळवावेत. खांद्यांच्या पोकळीत गुंडाळलेले मोजे भरले, तर खांद्याचा आकार दबत नाही.

मग कोट पलंगावर आडवा ठेवून कमरेच्या जागी एक गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि त्यावरून कोट अलगद दुमडावा. थरांच्या मध्ये ड्रायक्लीनिंगचे पातळ प्लास्टिक घातले, तर ते सहज सरकतात. मात्र कोट पूर्ण कोरडा असेल तरच प्लास्टिक वापरावे, नाही तर तेच ओलावा कोंडून धरते. हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्या सूटसाठी टाळाव्यात. त्या जागा वाचवतात, पण दाब वाढवतात.

पँट क्रीझवर जुळवून बॅगेच्या तळाशी पसरावी, तिचे पाय बॅगेच्या बाहेर लोंबते ठेवावेत. त्यावर शर्ट आणि इतर मऊ कपडे ठेवून पाय त्यांच्यावरून आत घ्यावेत. अशा घडीत गुडघ्याशी तीक्ष्ण रेघ पडत नाही. बूट आणि चार्जरसारख्या जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर तळाशी येतील अशा ठेवाव्यात. कोट सर्वांत शेवटी, वर.

केबिन बॅग की चेक-इन?

सूट केबिन बॅगेतच असावा. चेक-इन बॅग उशिरा पोहोचली तर इस्त्रीचा प्रश्नच उरत नाही, घालायला सूटच नसतो. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गात केबिन बॅगेला साधारण सात किलोंची मर्यादा असते आणि सूट दीड-दोन किलोंत बसतो. नियमानुसार एकच हँडबॅग नेता येते. त्यामुळे सूटचे लांब कव्हर वेगळे घेतले, तर तेही एक बॅग म्हणून मोजले जाऊ शकते, हे आधी विमान कंपनीकडे विचारून घ्यावे. चेक-इन बॅगेवर इतर बॅगांचा ढीग येतो, म्हणून सूट तेथेच द्यावा लागला तर टणक कवचाची बॅग निवडावी.

पोहोचल्यावर काय करावे?

खोलीत शिरल्याबरोबर सूट बाहेर काढून टांगावा. घडीत घालवलेला प्रत्येक तास सुरकुतीला बळ देतो. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सुरू करून दार बंद करावे आणि सूट पाण्यापासून दूर, दहा-पंधरा मिनिटे वाफेत टांगावा. लोकर ही वाफ पिते आणि स्वतःच्या वजनाने सरळ होते. मात्र लगेच अंगात घालू नये. निदान अर्धा तास मोकळ्या हवेत वाळू द्यावा, अन्यथा दमट कोटावर खुर्चीत बसल्याक्षणी नव्या सुरकुत्या पडतात. प्रसंग सकाळी असेल तर हे आदल्या रात्री करावे.

इस्त्री करावीच लागली, तर ‘वूल’च्या खुणेवर, म्हणजे दोन ठिपक्यांवर ठेवावी. त्याची कमाल मर्यादा १५० अंश सेल्सिअस असते. इस्त्री आणि कापड यांच्यामध्ये किंचित ओले सुती फडके असावे. थेट इस्त्रीने कापडाला चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. स्वस्त सूटमध्ये आतले अस्तर डिंकाने चिकटवलेले असते. जास्त उष्णतेने ते सुटून छातीवर फुगे येतात.

हीच युक्ती पैठणीला चालते का?

अर्धीच. मोठे वळण आणि कमी दाब हे रेशमालाही लागू आहे, पण वाफ नाही. पाण्याचे डाग रेशमावर राहू शकतात. जरीचा धोका वेगळा आहे. त्याच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडल्याने ती तुटते. त्यामुळे पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून, नेहमीची घडी बदलून बॅगेत ठेवावी. ती प्लास्टिकमध्ये ठेवू नये.

घरातल्या दोन्ही मौल्यवान वस्त्रांसाठी आगाऊ तयारी मात्र सारखीच. रविवारच्या विमानासाठी सूटची इस्त्री गुरुवारी झालेली असावी आणि बॅग शनिवारी रात्री नव्हे, तर निघण्याच्या तासभर आधी भरलेली असावी.