सिरियलचे स्टुडिओ बंद होतात, मग सिरियल कुठे जाते?

ज्यांचा भाग एसटीत अर्धाच ऐकून झाला, किंवा घाटाखाली आल्यावर रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, अडखळलो तेवढं काढलंय.

प्रश्न तुमच्याकडूनच आलाय. मोताळा, मलकापूर आणि आपल्या रोहिणखेडमधून तीन वेगवेगळ्या पोरांनी व्हॉट्सॲपवर जवळपास एकच गोष्ट विचारली. मुंबईतले स्टुडिओ विकले जाताहेत असं रील्समध्ये दिसतं, मग सिरियलमध्ये लाइट, कॅमेरा, आर्टचं काम शिकायचं असेल तर आता जायचं कुठं? आता रोहिणखेडला बसून टीव्हीच्या स्टुडिओवर बोलायचं म्हणजे काही जण हसतील. मुंबईच्या सेटवर पोचायचं तर आधी मलकापूर स्टेशन आणि मग रात्रभर रेल्वे. पण प्रश्न नोकरीचा आहे, म्हणून नीट उलगडून सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. 'स्टुडिओ' म्हटलं की आपल्याला सिरियल बनवणारी कंपनी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा भाड्याची जागा. आत मोठाले रिकामे हॉल असतात, त्यांना फ्लोअर म्हणतात. बाहेरचा उजेड नाही, बाहेरचा आवाज नाही, वर लाइट टांगायची सोय. सिरियल बनवणारा निर्माता फ्लोअर भाड्यानं घेतो, त्यात सेटिंगवाल्यांकडून प्लायवूडचा वाडा किंवा चाळ उभी करतो. त्या निर्मात्याला पैसे देतं चॅनल, तेही भागागणिक. म्हणजे जागा एकाची, सेट दुसऱ्याचा, आणि सिरियल तिसऱ्याची. जागेचा मालक उद्या म्हणाला की रिकामं करा, तर निर्माता सेट मोडतो आणि दुसरीकडे उभा करतो. चॅनलला फक्त ठरलेल्या वेळेला भाग हवा.

आणि तो भाग रोज हवा, इथंच खरी मेख आहे. मराठी सिरियल साधारण आठवड्याला सहा दिवस असते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधल्या जाहिराती काढल्या तर बावीसेक मिनिटांचा मजकूर उरतो. तेवढं फुटेज दिवसाला तयार व्हायला हवं, म्हणून शिफ्ट बारा तासांची आणि अनेकदा त्याहून लांब. तयार भागांच्या साठ्याला हे लोक 'बँक' म्हणतात. डेली सोपची बँक फार थोड्या दिवसांची असते. बँक संपली की चॅनलला जुने भाग दाखवावे लागतात, जाहिरातीचे पैसे घसरतात, दर गुरुवारी येणारा टीआरपी घसरतो. सिनेमावाला चार महिने थांबू शकतो. सिरियलवाल्याला चार दिवसही जड जातात.

हे आपण सगळ्यांनी घरात बसून बघितलंय, फक्त त्याच्याकडे असं बघितलं नाही. 2020 च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं, बँक संपली आणि सगळ्या चॅनलांवर जुने भाग सुरू झाले. दूरदर्शननं 28 मार्चपासून 'रामायण' परत लावलं. आता यातली गंमत बघा राजेहो. 1987 चं ते 'रामायण' मुंबईत नव्हे, उंबरगावला शूट झालं होतं, म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच गुजरातमध्ये. मुंबईबाहेर सेट लावायची पद्धत करोनानं काढलेली नाही, ती आधीपासून होतीच. त्याही मागे जायचं तर दादासाहेब फाळके 1913 मध्येच मुंबईतून नाशिकला गेले. प्रभात कंपनी 1929 ला कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. ती बंद पडल्यावर त्याच जागेवर 1960 मध्ये आजची एफटीआयआय उभी राहिली.

2021 मध्ये मात्र चित्र उलटं झालं. 13 एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध जाहीर केले, 14 तारखेच्या रात्री आठपासून. त्यात सिनेमा, सिरियल, जाहिरात, सगळी शूटिंगं बंद. आदल्या वर्षीसारखे जुने भाग लागतील असं वाटलं होतं. पण थोड्याच दिवसांत पडद्यावर नवे भाग दिसायला लागले, फक्त घर बदललेलं. कुणाचं कुटुंब अचानक रिसॉर्टवर राहायला गेलेलं, कुणाच्या लग्नाला मागे नारळाची झाडं.

कारण राज्याच्या सीमेपलीकडे शूटिंगला बंदी नव्हती. 'अग्गंबाई सूनबाई' आणि 'पाहिले न मी तुला' गोव्याला गेल्या. 'येऊ कशी तशी मी नांदायला' दमणला, 'माझा होशील ना' सिल्वासाला. हिंदीतली 'अनुपमा'सुद्धा सिल्वासालाच होती. काही युनिटं हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत गेली, तिथं फ्लोअर, हॉटेल, कँटीन सगळं एकाच आवारात. दमण आणि सिल्वासा का, तर दोन्ही केंद्रशासित, नियम वेगळे, आणि मुंबईहून ट्रक एका दिवसात पोचतो.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो ट्रकमध्ये कोण बसलं हा. बाहेरगावी युनिट न्यायचं म्हणजे प्रत्येकाची खोली, जेवण, करोनाची टेस्ट, प्रवास. निर्माता खर्च वाचवायला मोजकीच माणसं नेतो. मुख्य नट-नट्या, दिग्दर्शक, कॅमेरामन जातातच. लाइटमनमधले निम्मे राहतात, स्पॉटदादांमधला एखादाच जातो. सेटिंगवाल्यांना तर कामच नाही, कारण रिसॉर्टमध्ये सेट आयता मिळतो. मुंबईत उभा केलेला वाडा कुलपात, आणि तो रोज झाडणारा माणूस घरी.

हा माणूस शिफ्टवर जगतो. शिफ्ट नाही तर पैसा नाही. टीव्हीवर काम केलं की पैसे नव्वद दिवसांनी मिळणं ही कलाकारांचीही जुनी तक्रार आहे. म्हणजे काम थांबलं त्या दिवशी आधीच्या तीन महिन्यांचे पैसे कदाचित यायचेच असतात. एप्रिलमध्ये सरकारनं निर्बंधांबरोबर मदतीचं पॅकेज जाहीर केलं. त्यात परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार, घरकामगार यांना दीड-दीड हजार रुपये होते. सिरियलच्या सेटवरचा कामगार त्या यादीत नव्हता. टीव्ही चालू होता ना. घरात बसून बघणाऱ्याला काही बंद पडलंय असं दिसतच नव्हतं, आणि मदत मागणाऱ्याची हीच अडचण झाली.

बरं, बाहेर गेलेल्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या दर दोन जणांमागे जवळपास एक जण पॉझिटिव्ह निघत होता. आपल्या राज्यात बंदी म्हणून दुसऱ्याच्या अंगणात गर्दी करायची, हे तिथल्या लोकांना पटणार कसं? मडगावच्या रवींद्र भवनात 'सूर नवा ध्यास नवा'चं शूटिंग चालू होतं, तिथं गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई कार्यकर्त्यांसह गेले आणि आक्षेप घेतला. लगेचच गोव्याच्या मनोरंजन संस्थेनं दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द केल्या. युनिटांनी परत बॅगा भरल्या. माझं मत विचाराल तर गोवेकरांचं चुकलं नाही. लाइटमनचंही चुकलं नव्हतं. थांबणं परवडणार नाही अशी घडी ज्या धंद्यानं बसवलीय, त्याचा ताण शेवटी या दोघांवर आला.

जागा बदलली म्हणजे धोका मागे राहतो, असंही नाही. त्याआधीच 2020 च्या सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात 'आई माझी काळूबाई'च्या सेटवर बऱ्याच जणांना करोना झाला होता. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर 22 सप्टेंबरला साताऱ्यात गेल्या. वय 79.

जून 2021 मध्ये निर्बंध सैल झाले, बबलच्या अटीवर शूटिंगला परवानगी मिळाली आणि युनिटं परत आली. ते स्थलांतर तात्पुरतं होतं. तुम्ही रील्समध्ये बघताय ते मात्र कायमचं आहे, आणि त्याचं कारण जमीन.

चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 1948 चा. सिनेमे कमी झाल्यावर तिथं टीव्हीचे सेट लागायचे. 16 सप्टेंबर 2017 ला एका डान्स रिॲलिटी शोच्या सेटला आग लागली आणि मुख्य फ्लोअर जळाला. पुन्हा बांधायचा तर खर्च प्रचंड, आणि भाडं त्या मानानं किरकोळ. पुढच्याच वर्षी कपूर कुटुंबानं विकायचं ठरवलं आणि 2019 च्या मे महिन्यात गोदरेज प्रॉपर्टीजनं ती सव्वादोन एकराच्या आसपासची जागा घेतली. गोरेगावचं फिल्मिस्तान 1943 चं, तिथंही अलीकडे टीव्हीचंच काम जास्त. 2025 च्या जुलैमध्ये ते 183 कोटींना आर्केड डेव्हलपर्सनं घेतलं. आता तुम्हीच हिशोब करा. चार एकर, मुंबईत, स्टेशनजवळ. फ्लोअरचं भाडं कितीही वाढवलं तरी तिथं उभ्या राहणाऱ्या फ्लॅटच्या किमतीला ते पुरं पडणार नाही. मालक वाईट असायची गरजच नाही.

हे फक्त मुंबईतच होतंय असंही समजू नका. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकरांचा, पुढे लता मंगेशकरांनी घेतलेला. तो विकला गेल्याचं 2022 मध्ये उघड झालं आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले.

मग सिरियल गेली कुठं? दोन दिशांना. एक, मुंबईच्या कडेला: मीरा रोड, नायगाव, ठाण्याचा घोडबंदर रोड, मढचे बंगले. गोदामासारखी शेड घ्यायची, आत सेट लावायचा. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी सरकारी आहे, 1977 पासूनची, ती अजून आहेच. दुसरी दिशा थेट गावात. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे, 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गात आकेरीला. तिथं खरा वाडा मिळतो, खरी विहीर मिळते, भाडं कमी, आणि भाषेचा बाज आयता. साताऱ्याकडे काही वर्षं सतत युनिटं येत राहिल्यानं जेवणवाले, गाडीवाले, जनरेटरवाले, छोट्या भूमिका करणारे असे सगळे तिथंच तयार झाले. पुढचा निर्माता मग आपसूक तिकडेच वळतो.

विदर्भाकडे तो का वळत नाही? वाडे आपल्याकडेही आहेत, घाट आहे, लोणारचं सरोवर आहे. पण नट मुंबईत राहतो आणि त्याला महिन्यातून चारदा घरी जायचं असतं. साताऱ्याहून तो अर्ध्या दिवसात पोचतो. रोहिणखेडहून आधी मलकापूर, मग रात्रभर गाडी. लाइटचा एखादा बल्ब उडाला तर दुसरा आणायचा कुठून हाही प्रश्नच. सिनेमावाले महिनाभरासाठी येतील, रोज भाग देणारी सिरियल यायला वेळ लागेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. स्टुडिओ विकले म्हणून काम संपलं असं नाही, कामाचा पत्ता बदललाय. अंधेरी-गोरेगावात महागडी खोली घेण्याआधी नायगाव, मीरा रोडकडे चौकशी करा. शिकायचंच असेल तर पुणे हाही रस्ता आहे, बुलढाण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स जातात, आणि एफटीआयआयचे छोटे कोर्सही असतात. लाइट आणि आर्टचं काम मात्र हाताखाली राहूनच येतं, तिथं सातारा-कोल्हापूरचं युनिट मुंबईपेक्षा स्वस्तात शिकवेल.

आणि कुणी 'बाहेरगावी शूट आहे, चल' म्हणालं तर गाडीत बसण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या, फोनवर नाही, मेसेजवर, म्हणजे लेखी राहील. पैसे शिफ्टचे की महिन्याचे, आणि किती दिवसांनी. जायचा-यायचा दिवस धरणार का. राहणं-जेवण कुणाचं. युनिट मधेच गुंडाळलं तर तोवरच्या शिफ्टचं काय, आणि परतीचं तिकीट कोण काढणार. सिनेकामगारांच्या संघटना आहेत, फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज ही त्यांची मोठी शिखर संघटना. तुमच्या कामाची संघटना कोणती ते पहिल्या आठवड्यातच सेटवरच्या जुन्या माणसाला विचारा. कार्ड काढून देतो म्हणून वाटेत कुणी पैसे मागितले तर देऊ नका, संघटनेच्या ऑफिसात स्वतः जाऊन भरा आणि पावती घ्या.