पैसे आले का? डबीला विचारा!

वडापावच्या गाडीवर "वीस रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत सांगणाऱ्या डबीचं गुपित माहितेय? 🔊 ती ग्राहकाच्या मोबाइलला जोडलेली नसते. तिच्यात बहुधा स्वतःचं सिमकार्ड असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप सर्व्हरवरून थेट तिच्याकडे येतो. त्यामुळे खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणाऱ्यांची पंचाईत झाली!

यूपीआय २०१६ मध्ये आलं. पण माझ्या मते, तेलकट हातांनी वडे तळणाऱ्याला खरा भरवसा दिला तो या आवाजाने. मात्र कमाईही चारचौघांत जाहीर होते, हे खटकतंच.

लक्षात ठेवा: स्कॅन केल्यावर दुकानदाराचं नाव तपासा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.