‘पोचलो’ एवढं कळलं तरी पुरे!

आमच्या साताऱ्याकडे गल्लीगणिक एक तरी मिलिटरीवाला असतोच. त्याच्या घरातल्या बाईला विचारा, सगळ्यात अवघड काय? ती म्हणेल, ‘‘फोन न येणं.’’ मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना माझ्या मुलाचा चार दिवस फोन नव्हता. टीव्ही मात्र रात्रंदिवस ओरडत होता. यजमान सिग्नल कोअरमध्ये लाइनमन होते. ते म्हणाले, ‘‘अगं, फोन बंद आहे म्हणजे पोरगं शहाणं आहे!’’ राग आला मला. पण मग त्यांना एकेक विचारत गेले, तसं बरंच उमगलं.

‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ हा पत्ता आपल्यातल्या कितीतरी जणींना तोंडपाठ असेल. नवरा काश्मिरात आहे की पंजाबात, हे पाकिटावरून पोस्टमनलाही कळायचं नाही. तेव्हा साधा पत्ता वाटायचा, पण गुपित राखायची ती किती साधी आणि पक्की रीत होती!

सैन्याचे निरोप सांभाळणारी सिग्नल कोअर १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभी राहिली. ‘तीव्र चौकस’ हे तिचं ब्रीद. पूर्वी फील्ड टेलिफोनची तार जमिनीवरून ओढत न्यायची. तोफगोळ्याने ती तुटली की लाइनमनने अंधारात चाचपडत जाऊन जोडायची. मग वायरलेस आला. तार गेली, पण एक नवीनच धास्ती आली. हवेतलं बोलणं शत्रूही ऐकू शकतो! म्हणून सांकेतिक भाषा आली. पुढे असे रेडिओ आले, की बोलता बोलता सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात. लपाछपीत पोर जागा बदलत राहावं, तसं.

आता तर लष्कराने स्वतःचा मोबाइलच केलाय. ‘संभव’ त्याचं नाव. फाइव्ह-जीवर चालणारा. बोलणं इथे कुलूपबंद होतं आणि पलीकडच्याकडेच किल्ली असते. मधे कुणी पकडलं तरी हाती नुसता गोंधळ. असे सुमारे ३० हजार फोन अधिकाऱ्यांना दिले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनशी झालेल्या वाटाघाटींत ते वापरले गेल्याचं लष्करप्रमुखांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

दुसरी यंत्रणा ‘आकाशतीर’. वेगवेगळ्या रडारना आकाशात जे दिसतं, ते सगळं एका पडद्यावर आणून हुकूम देणाऱ्यापुढे ठेवायचं, हे तिचं काम. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगण्यात जाणारा वेळ वाचतो. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला आणि मे २०२५ मध्ये ड्रोनचे थवे आले तेव्हा ती कामाला आली.

आणि एक सांगते. ७ मे २०२५ रोजी टीव्हीवर देशाला माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी आठवतात ना? त्या याच सिग्नल कोअरच्या. २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या १८ देशांच्या सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं.

पण मैत्रिणींनो, एवढी कोट्यवधींची कुलुपं लावली आणि मागचं दार आपणच उघडं टाकलं तर? ‘आज यांची गाडी जम्मूला निघाली’ असं स्टेटस, पाठीमागे चौकी दिसणारा फोटो, गावच्या ग्रुपवर बदलीची बातमी. आपल्याला ते कौतुक वाटतं, टिपून घेणाऱ्याला ती माहिती असते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’ नावाच्या व्यायामाच्या ॲपचा नकाशा गाजला होता. पळायला जाणाऱ्या सैनिकांच्या वाटा त्यात उमटल्या आणि परदेशातले लष्करी तळ जगाला दिसले. कुणी चकार शब्द बोललं नव्हतं! आपल्या लष्करानेही जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढायला सांगितली.

म्हणून आमच्या घरी आता काही नियम आहेत. तो कुठे आहे, हे फोनवर विचारायचं नाही. युनिटचं नाव, गाडी, तारीख ग्रुपवर टाकायची नाही. सुट्टीचे फोटो तो परत गेल्यावर नाही, तर सुट्टी होऊन बराच काळ लोटल्यावरच. ‘मी साहेब बोलतोय, तुमच्या मुलाचं युनिट कुठलं?’ असा अनोळखी फोन आला तर काही न सांगता ठेवून द्यायचा आणि मुलाच्या कानावर घालायचं.

सासूबाईंना, नणंदेला, नातवंडांनाही हे सांगायला हवं. हळदीकुंकवाला किंवा बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढली तरी होईल. बाईच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. आपल्या पोटात किती राहतं, ते मिलिटरीवाल्यांच्या घरांनी दाखवून द्यावं.