चार रविवार आणि एक टेंपो

बैलगाडीने जत्रेला जाण्याच्या गोष्टी आजी-आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकल्या असतील. निघण्याच्या आदल्या दिवशी कण्याला वंगण घालायचे, बैलांच्या पायांचे नाल पाहायचे, वैरण आणि पाण्याची घागर बरोबर घ्यायची. मुक्कामाला गाडीशेजारीच तीन दगडांची चूल मांडायची आणि रात्री गाडीखाली पथारी पसरायची. आज बैलगाडीच्या जागी टेंपो आला आहे. तयारीतून मात्र सुटका झालेली नाही. उलट ती अधिक विचारपूर्वक करावी लागते. ती कशी, ते पाहू.

समजा, तुमच्या मामांची वसईला वाडी आहे. विहिरीच्या कडेने केळी, पलीकडे सोनचाफा. फुले आणि भाजी बाजारात पोचवण्यासाठी त्यांच्याकडे एक लहान टेंपो आहे. असे टेंपो २००५ पासून रस्त्यावर आले आणि लोकांनी लाडाने त्यांचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’. मे महिन्याच्या सुट्टीत हा टेंपो घेऊन जव्हारला दोन रात्री मुक्काम करायचे ठरले आहे. ओळखीच्या माणसांच्या आवारात तो उभा करायचा आणि त्याच्या हौद्यात झोपायचे. जव्हारही आपल्याच पालघर जिल्ह्यात. पण वसई समुद्रकाठी, तर जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर. निघायला अजून चार रविवार आहेत. घरी शांतता आहे, गाडी अंगणात उभी आहे. चला, कामाला लागू.

पहिला रविवार : वजन कोठे ठेवायचे?

या गाड्यांपैकी पहिलीची भार वाहण्याची क्षमता ७५० किलोग्रॅम होती. आपले सामान किती? एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणजे १०० लिटर पाण्याचे १०० किलो. फळ्या, अंथरुणे, भांडी आणि शिधा धरूनही आपण क्षमतेच्या बरेच आत राहतो. मग चिंता कसली? चिंता वजन किती याची नाही, ते कोठे आहे याची आहे.

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे झाले, तर जुने गाडीवान म्हणत, “गाडी उलाळ झाली.” पुढची बाजू हलकी होऊन वर उचलली जाई. टेंपोत असेच झाले, तर पुढच्या चाकांवरील भार कमी होतो, त्यांची रस्त्यावरील पकड ढिली पडते आणि गाडी सुकाणूला नीट दाद देत नाही. म्हणून जड वस्तू हौद्याच्या पुढच्या भागात आणि तळाशी ठेवायच्या. पाण्याचे पिंप उंच फळीवर ठेवले, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो.

पिंप अर्धेच भरले असेल तर? ब्रेक लागताच पाणी पुढे धावते, वळणावर बाजूला धावते, आणि गाडीचा तोल बिघडवते. त्यापेक्षा लहान डबे काठोकाठ भरून घट्ट बांधणे बरे.

याच नियमामुळे प्रवासात हौद्यात माणसे बसवायची नाहीत. तसे करणे कायद्यानेही मना आहे. गाडी थांबते, पण आतला माणूस जडत्वामुळे पुढेच जात राहतो. त्याला अडवायला तिथे ना आसन, ना पट्टा. म्हणून मामांबरोबर पुढे एक जण बसेल, बाकीचे एस. टी.ने येतील.

दुसरा रविवार : चाके आणि ब्रेक

टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजा. असे का बरे? समजा, सकाळी २७ अंश सेल्सिअसला दाबमापकावर ३५ पौंड दिसले. हे मापक बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवते. बाहेरच्या हवेचे सुमारे १५ पौंड त्यात मिळवले, तर एकूण दाब ५० पौंड. आता तापलेल्या डांबरावर धावून आतील हवा ५७ अंशांवर गेली. केल्व्हिन मापात सांगायचे तर तापमान ३०० वरून ३३० झाले, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले. आकारमान फारसे बदलत नसल्याने दाबही दहा टक्क्यांनी वाढून ५५ होईल आणि मापक ४० दाखवील!

हा आकडा पाहून कोणी वाटेत हवा सोडली, तर ती मोठी चूक ठरेल. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्यामुळे अधिक तापतो आणि शेवटी फुटू शकतो. योग्य दाब किती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

आता ब्रेक. जव्हारहून विक्रमगडमार्गे मनोरला उतरताना आपण सुमारे ४०० मीटर खाली येतो. भरलेल्या गाडीचे वस्तुमान १५०० किलो धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : १५०० × ९.८ × ४०० = ५८,८०,००० ज्यूल. ही ऊर्जा जाणार कोठे? काही हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्च होईल. पण सगळा भार ब्रेकवर पडला असे धरले, तर तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे २० लिटर पाणी उकळीला येईल!

म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जाणते चालक सांगतात. इंजिन चाकांना मागे ओढून धरते आणि ब्रेकना उसंत मिळते.

ब्रेकचे तेलही तपासून घ्या. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते, आणि वसईच्या दमट हवेत बाष्पाला काय तोटा! नेहमीच्या प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव सहसा दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. जुने तेल बदलून घेण्याचे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.

तिसरा रविवार : बॅटरीचा हिशेब

रात्री पंखा आणि दिवा हवा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. समजा, तिची क्षमता ४० अँपिअर-तास आहे. पंखा २ अँपिअर घेतो आणि दिवा अर्धा, म्हणजे एकूण अडीच. आठ तासांत २० अँपिअर-तास खर्च झाले. निम्मी बॅटरी संपली! दुसऱ्या रात्रीनंतर इंजिन सुरू करायला त्राणच उरणार नाही. शिवाय अशी बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली, तर तिचे आयुष्यही घटते. उपाय सोपा आहे. पंख्या-दिव्यासाठी दुसरी बॅटरी घ्या, इंजिनच्या बॅटरीला हात लावू नका. तारेत बॅटरीजवळच फ्यूज बसवा.

बॅटरीत पाणी घालायचे असेल, तर ते ऊर्ध्वपातित पाणीच हवे. समुद्रकाठच्या विहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. त्यातील क्षारांनी शिशाच्या पट्ट्या खराब होतात. हे काम मोठ्यांनी करावे, कारण आत सल्फ्यूरिक आम्ल असते. बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी ओढू नये.

चौथा रविवार : अंगणातली रात्र

आता परीक्षा. शनिवारी रात्री अंगणातच टेंपोत झोपून पाहा. जे चुकेल ते घरीच कळेल.

ताडपत्रीखाली उकाडा होतो. मग तिच्या वर वीतभर अंतर सोडून पांढरे कापड ताणा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि मधल्या जागेतून वारा खेळतो. जव्हारला दुपारी गोणपाट ओले करून टांगा. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते, ती तेच पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे आठपट असते. वसईला ही युक्ती तितकी साधत नाही. हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे पाणी सावकाश उडते. जव्हारची कोरडी हवा मात्र ते झटपट पिऊन टाकते.

रात्र पडली की डास येतात. इथे कोणीतरी सुचवील, “शेगडीत निखारे घालू, वर कडुनिंबाचा पाला टाकू आणि शेगडी आत ठेवून पडदा लावून घेऊ.” मित्रांनो, ही एक गोष्ट कदापि करू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाल्याचा धूर विरला तरी तो आत राहतो. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजनला ज्या ओढीने धरते, त्याच्या २०० पटींहून अधिक ओढीने या वायूला धरते. ऑक्सिजनला जागाच उरत नाही. जागा माणूस डोकेदुखी, चक्कर, मळमळ यांवरून सावध होईल आणि बाहेर पडेल. झोपलेल्याला हा इशारा मिळतच नाही. बंद जागेत शेगडी, स्टोव्ह किंवा चालू इंजिनाचा धूर असता कामा नये. चूल बाहेर, गाडीपासून दूर. डासांसाठी मच्छरदाणी बांधा आणि दोन्ही बाजूंचे पडदे उघडे ठेवा.

करून पाहा

दोन सारख्या बाटल्या घ्या. एक अर्धी भरा, दुसरी काठोकाठ. दोन्हींची बुचे घट्ट लावा. एकेक बाटली खेळण्यातल्या गाडीवर आडवी बांधून गाडी ढकला आणि एकदम थांबवा. कोणती गाडी अधिक धक्के खाते? मग एकाच दिवशी दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत टांगा. दोहोंतील फरक वहीत लिहा. जव्हारला पोचल्यावर हाच प्रयोग पुन्हा करा आणि आकडे शेजारी-शेजारी मांडा.

पाचव्या रविवारी पहाटे टेंपो निघेल, तेव्हा ती वही बरोबर असू द्या. शेगडी मात्र शिध्याबरोबर बांधा, अंथरुणांबरोबर नको.