उशिराचा वाफा आणि दुपारचे क्रोशे

उपवासकाळ, मुलांच्या परीक्षा, काजूची तोडणी आणि पाठोपाठ लग्नसराई. या धांदलीत एप्रिल अर्धा कधी सरतो ते कळतही नाही. मग, "आता कसला वाफा घालायचा, उशीर झाला," असे म्हणून पुष्कळ घरी कुदळ पुन्हा कोपऱ्यात जाते. अशा घरांना आमचे सांगणे आहे की, वाफा अवश्य घाला. मात्र तो उन्हाळ्याचा समजू नका, पावसाच्या तोंडचा समजा.

हिशेब साधा आहे. भेंडी पेरल्यापासून 45 ते 50 दिवसांत तोडणीला येते. एप्रिलच्या मध्यावर पेरलेली भेंडी जूनच्या आरंभी हाती लागते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाची झड लागली की बाजारातली भाजी महाग होते आणि मिळते तीही चिखलात लोळलेली. नेमक्या त्याच दिवसांत परसात भेंडी, गवार आणि कुंपणावर दोडका असला तर घरधनिणीला केवढा आधार! तोवर कोरडे जाऊ नये म्हणून कडेने लाल माठ फेकावा. तो 25 ते 30 दिवसांत कापायला येतो. कोथिंबीर, पालक व मुळा यांच्या नादी आता लागू नये, कारण उन्हाने ती लवकर फुलावर येतात. टोमॅटोचा मोहरही कडक उन्हात गळतो.

वाफा लहान असावा. 10 फूट लांब व 6 फूट रुंद एवढा पुरे. एवढ्याला उन्हाळ्यात रोज साधारण 28 ते 30 लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या पाणी लागते. त्यातील निम्मे तर तांदूळ, डाळ व भाजी धुतलेल्या पाण्यातून निघते. कपड्यांचे सोड्याचे पाणी मात्र घालू नये. एका वर्षी विहीर आटली तेव्हा आम्ही आठवडाभर तेच पाणी गवारीला दिले. पाने कडेने करपली आणि पुढे जमीनही पापुद्र्यासारखी घट्ट झाली. ती शेणखत घालून सुधारेपर्यंत वर्ष गेले.

पाणी पहाटे किंवा दिवेलागणीला द्यावे. दोन रोपांच्या मध्ये कोरे, न भाजाळलेले नव्हे पण रंग न दिलेले, मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर ओल हळूहळू मुळांशी झिरपते. मडक्यावर झाकण हवेच, नाहीतर आपण भाजीऐवजी डासांची पैदास करू. मातीवर भाताचा पेंढा पसरावा, पण तो खोडाला चिकटवू नये. वाळवीला आयती वाट मिळते.

उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा जरा खोल ठेवतात, म्हणजे पाणी वाहून जात नाही. उशिरा घातलेल्या वाफ्याची खरी फसगत येथेच होते. पहिल्या मोठ्या पावसात तो तळे बनतो आणि ऐन तोडणीची झाडे मुळाशी कुजतात. म्हणून मेच्या अखेरीस ओळींना मातीची भर द्यावी आणि एका बाजूने चर काढून ठेवावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण पुरुषमंडळी नांगरटीत गुंतण्यापूर्वीच ते करून घ्यावे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरविते. ते झाड बरे होत नाही. दया न करता उपटून दूर पुरावे.

दुपारी बारा ते चार वाफ्यात जाऊ नये. ती वेळ क्रोशाची. क्रोशे म्हणजे रिकामपणचा चाळा, असे कोणी म्हणेल. पण आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्याच्या पिकावर करपा पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉर्क शहराजवळच्या उर्सुलाईन धर्मभगिनींनी मुलींना क्रोशाची लेस शिकविली आणि त्या लेसच्या विक्रीवर कित्येक घरांची चूल पेटली. याची दुसरी बाजूही आहे. आंध्रातील नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन विदुषीचे पुस्तक 1982 साली निघाले. बायका तासन् तास विणीत, पण ते "घरबसल्या फुरसतीचे काम" म्हणून त्यांच्या हाती फारच थोडी मजुरी पडे. तेव्हा विकण्यासाठी विणीत असाल तर दोऱ्याच्या किमतीबरोबर तासही वहीत मांडा.

पहिला प्रयोग म्हणून दुधाच्या भांड्यावरचे झाकण करावे. नुसती क्रोशाची जाळी सुंदर दिसते, पण तिच्यातून माशी आत जाते. म्हणून मधे जुन्या मलमलीचा गोल तुकडा घ्यावा, भांड्याच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा. कडा दुमडून शिवावी. दोरा सुरू करण्यापूर्वीच त्यात मणी ओवून घ्यावेत. कडेने मुके खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत पाच साखळ्यांची कमान करीत प्रत्येक कमानीच्या मध्यावर एक मणी सरकवावा. मण्यांच्या भाराने झाकण वाऱ्याने उडत नाही. रंगीत दोरा आधी भिजवून पाहावा, रंग सुटला तर दुधाजवळ वापरू नये. पांढरा दोरा घामाच्या हातांनी मळतो, म्हणून गुंडी वाडग्यात ठेवून विणावे. पुरे झाल्यावर साबणाने धुऊन, पातळ पेजेची खळ देऊन, पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावे.