नुसती घडणावळ : पोर्सलेनच्या ब्रोचची गोष्ट

ऐकायला वेळ नसेल, तर आजचा एपिसोड इथे वाचा.

आपल्याकडे दागिना घेताना एक प्रश्न ठरलेलाच: "मोडला तर किती येतील?" आजचा दागिना या परीक्षेत सरळ नापास होतो. पोर्सलेन, म्हणजे पांढरी चिनी माती, तिच्यात रत्नं आणि मागे पिन. हा मोडला तर खरंच मोडला! मग कलाकार असले ब्रोच का करतात? आणि मुख्य म्हणजे, कसे?

माती आकसते. पोर्सलेन साधारण 1200 ते 1400 अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात ते दहा-पंधरा टक्के आकसतं. 40 मिलिमीटरची पाकळी भट्टीतून 35 ची होऊन येऊ शकते. म्हणजे खड्याचं घर ओल्या मातीतच हिशेबानं मोठं ठेवायचं.

खडा भट्टीत जात नाही. जांभळा ॲमेथिस्ट चार-पाचशे अंशांतच रंग सोडून पिवळट होऊ लागतो. मोती तर जळूनच जाईल. म्हणून आधी माती भाजायची, मग खडे.

डाग देता येत नाही. सोनार जोड डाग देऊन पक्का करतो. पण एकाच जागी ज्योत लागली की पोर्सलेन तडकतं. त्यामुळे धातूची चौकट वेगळी बनवून माती आणि खडे आकड्यांनी किंवा कडेच्या पट्टीनं थंडच पकडायचे. आपलं कुंदनकाम आठवा: तिथेही शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसवतात. खड्याजवळ ज्योत नेतच नाहीत.

पिन वर हवी. ती मध्याच्या खाली लावली, तर ब्रोच पुढे झुकतो आणि कापड ओढतो. गारा साडीचा पदर खांद्याला ब्रोच लावून सांभाळणाऱ्या पारशी आज्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुटण्याच्या भीतीवर हाँगकाँगच्या वॉलेस चॅननं वेगळाच उपाय काढला. 1973 मध्ये रत्नं कोरायला शिकू लागलेल्या या कलाकारानं सात वर्षं खपून स्वतःचं पोर्सलेन बनवलं आणि 2018 मध्ये जगासमोर आणलं. ते पोलादापेक्षा पाचपट मजबूत आहे, असा त्याचा दावा आहे.

पण मातीला मान द्यायला हाँगकाँगच कशाला? भायखळ्याला राणीबागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासून लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे जे.जे. स्कूलच्या परंपरेतली एकोणिसाव्या शतकातली चकचकीत भांडी जपून ठेवली आहेत. ती पोर्सलेनची नाहीत, साधी भाजलेली माती आहे. तिला मोडीत काय येणार? तरी ती काचेआड आहे, कारण त्यावर हात चाललेत.

मला मुद्दा इथेच सापडतो. सोन्याचा दागिना विकायला गेलात की धातूचे पैसे येतात, घडणावळ मात्र बुडते. म्हणजे कारागिराचं काम आपण शून्य धरतो. पोर्सलेनचा ब्रोच जवळपास सगळा घडणावळच आहे. तो घेणारा माणूस धातूचे नाही, कामाचे पैसे देतो. असं काम करणाऱ्या नव्या पोरापोरींचं पोट यावरच अवलंबून आहे.

तेव्हा प्रदर्शनात असा ब्रोच दिसला, तर "मोडीत किती?" विचारू नका. "किती वेळा तडकला?" विचारा. उत्तर ऐकायला थोडा वेळ काढून जा.

भेटू पुढच्या भागात!